जावेच्या कार्डावर

खालापूरजवळच्या आमच्या साइटवर माती ढासळली, तेव्हा मी कंपनीच्या एचआर विभागाची प्रमुख होते. सात इमारतींचं काम चालू होतं. साइटवर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाची आधी डॉक्टरांकडून तपासणी, मग अर्ध्या दिवसाचं सेफ्टीचं प्रशिक्षण आणि मग फोटो लावलेलं कार्ड, असा नियम होता. कार्ड नसेल तर गेटमधून आत सोडायचं नाही. हा नियम मीच लिहिला होता.

ती मला पहिल्यांदा दिसली ती गेटवरच. गुरुवार होता. मी कर्जतहून चौकमार्गे गाडीने यायचे. त्या दिवशी जरा लवकर पोचले, तर रखवालदाराने एका बाईला बाजूला उभं केलं होतं. वीस-बावीस वर्षांची, डोंगराखालच्या ठाकरवाडीतली. तिच्या हातातल्या कार्डावर दुसऱ्याच बाईचा फोटो होता.

"कुणाचं कार्ड हाय गं हे?" रखवालदार विचारत होता.

"जावेचं," ती म्हणाली. लपवण्याचा तिचा विचारच दिसत नव्हता. "ती बाळंत झाली. मुकादम बोलला, तिच्या जागी तू ये."

रखवालदाराने माझ्याकडे पाहिलं. तो कडावचा, पन्नाशीचा, भातशेती सांभाळून नोकरी करणारा माणूस. नियमाला पक्का.

नव्या माणसांचं प्रशिक्षण फक्त सोमवारी व्हायचं. पाइप टाकण्यासाठी चर खोदायचं काम चालू होतं आणि माणसं कमी पडत होती. तिला परत पाठवलं तर मुकादम दुसरी कुणी आणेल आणि हिचं काम जाईल, हेही मला कळत होतं.

"आज सोडा," मी म्हटलं. "सोमवारी हिचं कार्ड करून घेऊ."

आपण एखादी चांगली गोष्ट केली असं वाटून मी ऑफिसात गेले.

सोमवारी मुख्य कार्यालयातून तपासणीला माणसं आली आणि दिवस त्यातच गेला. पुढच्या सोमवारी मी रजेवर होते. त्यानंतर ती माझ्या डोक्यातून पार निघून गेली. ती मात्र रोज तेच कार्ड दाखवून आत येत राहिली. मॅडमनी परवानगी दिली आहे, असं रखवालदार धरून चालला.

चौथ्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीनंतर, चराची एक बाजू खाली आली. मी धावत पोचले तेव्हा माणसं हातांनी आणि घमेल्यांनी माती उपसत होती. आत माणसं होती म्हणून जेसीबी लावता येत नव्हता. दोन बायकांना कमरेपर्यंत मोकळं केलं होतं. त्या रडतही नव्हत्या, नुसत्या आतल्या बाजूला बोट दाखवत होत्या. तिला बाहेर काढायला बराच वेळ लागला. दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगितलं.

चराला आधाराच्या फळ्या लावलेल्या नव्हत्या. तो दोष इंजिनियरचा आणि कॉन्ट्रॅक्टरचा. पण फळ्या नसलेल्या चरात कुणीही सांगितलं तरी उतरायचं नाही, हे आमच्या प्रशिक्षणात पहिल्या तासाला शिकवायचे. ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

साइटच्या कारकुनाने हजेरी पाहून दवाखान्यात नाव दिलं, ते जावेचं. वाडीवर फोन गेला तोही त्याच नावाने.

मी मुकादमाला घेऊन निघाले. शेवटचा अर्धा तास चढाची पायवाट होती. मुकादम वाटेत एकदाच बोलला, "तुमीच बोला हां मॅडम, माझ्याच्यानं नाय व्हायचं." मी मनात वाक्यं जुळवत होते. वाडीत पोचलो तर घरासमोर माणसं जमलेली आणि उंबऱ्यात ती जाऊ बसलेली, मांडीवर महिन्याभराचं मूल. स्वतः मेल्याचा निरोप तिनेच ऐकला होता. कार्ड कुणाकडे होतं, हे तिला तिथल्या तिथे समजलं होतं.

"मी हाय," ती मला म्हणाली. "ती नाय ना?"

मी मान हलवून हो म्हटलं. गेलेल्या बाईचा नवरा मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याने फक्त विचारलं, "कुठं ठेवलीय तिला?" आणि पायात चपला न घालताच आमच्या पुढे उतरायला लागला.

दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयात बैठक झाली. आमचे संचालक मोठ्याने बोलणारे नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "दुसऱ्याच्या कार्डावर आत आलेली बाई आपली कामगार होत नाही. तिला आत सोडलं रखवालदाराने, तेव्हा जबाबदारी त्याची. हे आणखी कुणाला माहीत होतं का?"

मी समोरच्या कागदाकडे पाहत राहिले. त्या गप्प बसण्याला भीती म्हणावं की सवय, मला आजही ठरवता येत नाही.

संध्याकाळी रखवालदाराच्या निलंबनाचं पत्र तयार झालं. सही माझीच लागणार होती. मी ती केली आणि पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने सावकाश वाचलं, घडी घातली.

"मॅडम, त्या दिवशी तुमी गेटवर होता ना?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. आपलीच आठवण चुकते आहे का, हे तो तपासत होता.

"होते," मी म्हटलं.

"मग बरोबर हाय," तो म्हणाला आणि गेला.

तीन दिवसांनी पोलिसांनी माझा जबाब घेतला. कंपनीच्या वकिलांनी काय सांगायचं ते आधी समजावलं होतं. मी गुरुवारपासून सुरुवात केली आणि सगळं सांगितलं: कार्ड दुसरीचं आहे हे मला माहीत होतं, तिला मी आत सोडायला लावलं, ती रोज काम करत होती. लिहून घेणाऱ्या हवालदाराने मध्येच थांबून विचारलं, "हे असंच लिहू?" मी हो म्हटलं. बाहेर वकील उभे होते. मला पाहून ते फोन लावत गाडीकडे निघाले.

त्या जबाबामुळे ती कंपनीची कामगार ठरली आणि तिच्या नवऱ्याला भरपाई मिळाली. इंजिनियरवर खटला चालू आहे. कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्या साइटवर काम करतो. मला राजीनामा द्यायला सांगितलं, मी दिला. रखवालदाराचं निलंबन मागे घेतल्याचं पत्र मी जाण्याआधी शेवटचं काढलं, पण तो परत आला नाही.

मागच्या वर्षी कर्जतच्या बाजारात तो भेटला. बायको बरोबर होती. मी हाक मारली, तसा तो थांबला. मी माफी मागितली. आधीच मागायला हवी होती, हेही म्हटलं.

"तुमी नंतर खरं बोलला, ते ऐकलं मी," तो म्हणाला. "पन ते तीन दिवस गावात लोक मला काय काय बोलले, ते तुमाला नाय कळायचं."

बायकोने त्याच्या हातातली पिशवी घेतली, "चला" म्हणाली. दोघं भाजीवाल्यांच्या गर्दीत शिरले.