मागच्या परवानगीची प्रत

लहानपणी मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "हळू बोल नं वं, गावाले आयकू जाते." माय हे इतक्या जोरात म्हणायची की गावाला आधी तिचंच ऐकू जायचं. पण तिला कोण सांगणार!

माझा आवाज जन्मजात मोठा आहे. एकदा विहारातल्या कार्यक्रमात माईक बंद पडला. जेवणाची पंगत बसल्याचं मी तशीच ओरडून सांगितलं, तर बोलावलं नव्हतं ती नाल्यापलीकडच्या टोलीवरची, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीवरची, माणसंही हात धुऊन हजर झाली. भाजी कमी पडली. मायने घरी येईपर्यंत कसाबसा दम धरला आणि मग माझी अशी हजेरी घेतली की तीही टोलीपर्यंत पोचली असणार.

तर याच आवाजावर पुढे पोट भरायचं मी ठरवलं. दिवाळी सरून धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. आज या गावात नाटक, उद्या त्या गावात. मग ॲटोवर भोंगा बांधून गावोगाव पुकारायला माणूस लागतो. "तीन अंकी, कौटुंबिक, हसवणारं आणि रडवणारं नाटक! माताभगिनींसाठी बसण्याची वेगळी व्यवस्था!" हे म्हणायला बाईचा आवाज मिळाला तर मंडळवाल्यांना हवाच होता. ॲटो एका आलापल्लीकडच्या भाऊंचा, भोंगा त्यांचा, गळा माझा. शहरात याला फ्रीलान्सर म्हणतात. माय याला "गावभर बोंबलत फिरणं" म्हणायची.

तिने मला एकच हंगाम दिला होता. "जमलं त जमलं. नाई त मावशीसंग तेलंगणात मिरची तोडाले चाल." मिरची मी आधी एकदा तोडली होती. हातांची आग सोसता येते, कष्टाला मी भीत नाही. पण तिथे दिवसभर तोंडाला फडकं बांधून राहावं लागतं. माझ्यासारखीला याहून मोठी शिक्षा कोणती? मायने मात्र जुन्या लुगड्याचं मऊ फडकं फाडून, धुऊन, घडी घालून फळीवर ठेवूनही दिलं होतं. येताजाता ते मला दिसायचं.

आता राहिला परवाना. भोंगा लावायचा तर परवानगी लागते, म्हणून मी तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या बाबूंनी अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"धंदा काय तुमचा?"

"पुकारणं."

"दुकान कुठी हाये?"

"गळ्यात."

ते हसले नाहीत. सरकारी माणूस हसला की काम होतं अशी माझी समजूत होती, ती तिथेच संपली. ग्रामपंचायतीचा दाखला, ॲटोचे कागद, भाऊंचं लायसन, सगळं होतं. बाबूंनी एकेक कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "मागच्या परवानगीची प्रत कुठी हाये?"

"मागची कुठची साहेब? मी त पहिल्यांदाच मागून राह्यली."

"पहिल्यांदा असो का दुसऱ्यांदा, मागची प्रत जोडा लागते."

"पण पहिली देल्याशिवाय मागची कशी होईन?"

"ते मले नका विचारू बाई. नियम हाये."

मी रोज जाऊ लागले. बाबू माणूस वाईट नव्हते. पाणी विचारायचे, पंखा माझ्याकडे वळवायचे आणि प्रत मागायचे. मी भांडायचे, आणि माझं भांडण म्हणजे तुम्हाला कल्पना आली असेलच. पलीकडच्या खोलीतले लोक दार लावून घ्यायचे. इकडे हंगाम चालला होता. मंडळवाले विचारत होते, भाऊंचा ॲटो अंगणात उभा होता आणि मावशीचा निरोप आला होता की गाडी ठरली, पोरीची तयारी ठेवा.

आणि मग एके सकाळी बाबूंनी मला स्वतःहून खुर्ची दिली. तेव्हाच शंका यायला हवी होती.

"बाई, एक काम होतं. आमचा कोतवाल पुकारते, पण त्याचा घसा बसला. तुमच्या आवाजाची आम्हाले खात्री हाये. बाजारात आन या यादीतल्या गावात एक सूचना पुकारून द्या."

सूचना अशी: विनापरवाना भोंगा लावून फिरणाऱ्यांचा भोंगा जप्त करण्यात येईल.

तुम्ही म्हणाल, तिथेच विचारायचं ना, की साहेब, मग माझ्या परवान्याचं काय? पण हातात माईक येणार म्हटल्यावर माझी मती गुंग होते. मी धावतच भाऊंकडे गेले.

धानोऱ्याच्या वाटेवरच्या एका गावी आठवडी बाजार भरला होता. मी मन लावून पुकारत होते. "जप्त" या शब्दाला तर असा दम दिला की वांगी मापणारी एक म्हातारी दचकली. तेवढ्यात बंदोबस्तावरच्या जमादारांनी ॲटोपुढे काठी आडवी धरली.

"परवाना?"

माझ्या हातातला माईक चालूच होता. त्यांचा प्रश्न सगळ्या बाजाराने ऐकला. पाठोपाठ माझं उत्तरही.

"नाई जी."

"मंग आता तुमीच काय सांगून राह्यल्या होत्या?"

बाजार हसायला लागला. मला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं. भोंगा गेला की हंगाम गेला, आणि फळीवरचं ते फडकं तोंडाला आलं. मी बाबूंना फोन लावला आणि घाबरून त्याचाही आवाज मोठा करून चालू माईकजवळच धरला.

"अहो, सोडा तिले," भोंग्यातून बाबू बोलले, "ते आमचंच काम करून राह्यली!"

"काम तुमचं हाये, पण परवाना?" जमादार म्हणाले.

"तिनं मागची प्रत जोडली नाई."

"तिची ही पहिली बारी हाये म्हंते. मागची कुठून आणंन?"

भोंग्यातून नुसती कागद चाळल्याची खरखर आली. अख्खा बाजार कान लावून उभा. शेवटी ती वांगीवाली म्हातारी ओरडली, "देऊन टाक नं बाबू! इकडं आमचा सौदा थांबला!"

बाबू स्वतः मोटरसायकलवर आले. शिक्का शर्टाच्या खिशात होता. ॲटोच्या टपावर कागद ठेवून त्यांनी त्या दिवसापुरती परवानगी लिहिली, शिक्का मारला आणि म्हणाले, "इची झेरॉक्स सांभाळून ठेवा. पुढच्या अर्जाले हेच मागची प्रत." आणि या वेळी ते हसले.

यादीतलं शेवटचं गाव आमचंच होतं. वेशीत शिरलो आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझा आवाज आपोआप खाली गेला. भाऊंनी मागे वळून पाहिलं. "काऊन ताई, बॅटरी उतरली का?"

आमच्या घरासमोर आलो तेव्हा माय सूप हातात घेऊन दारात उभी होती. आता काय ऐकावं लागतं म्हणून मी माईक तोंडापासून दूर धरला. तिने आधी भोंग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय सांगून राह्यली, काई आयकू नाई येऊन राह्यलं," ती म्हणाली. "जोरात सांग नं वं!"

मी जोरात सांगितलं. टोलीपर्यंत पोचेल एवढं सांगितलं. माय पूर्ण ऐकून आत गेली, फळीवरचं फडकं घेऊन आली आणि भोंग्यावरची धूळ पुसू लागली.