आपल्या झोनचे बूट

“म्याडम, वरून काहून वाचून राहिल्या? खालून वाचा.”

स्टाफरूममध्ये मी वर्तमानपत्राचं क्रीडापान उघडलं की शेजारच्या खुर्चीवरून हा आवाज यायचा आणि पाठोपाठ एक जाड बोट निकालाच्या तळाशी येऊन टेकायचं. ते बोट आमच्या क्रीडा संचालकांचं. सगळं कॉलेज त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचं. इतर प्राध्यापकांना आडनावानं ओळखावं लागे, यांना लागत नसे.

कोण जिंकलं यात सरांना फारसा रस नव्हता. शेवटी कोण आलं आणि किती गोलांनी हरलं, हे ते आधी बघत. “झोनची ताकद पहिल्या टीमवर नसते म्याडम. शेवटची टीम कशी हारते, ते पाहा,” असं ते मला समजावत. मला फुटबॉलमधला गोल सोडून काही कळत नव्हतं. मी मराठी शिकवते. पण मुलींच्या संघासोबत एक बाई हवी असा नियम होता आणि कॉलेजात नाही म्हणता न येणारी बाई मीच होते. त्यामुळे कित्येक वर्षं मी त्या संघाची व्यवस्थापक होते.

झोन म्हणजे काय, ते सांगायला हवं. विद्यापीठानं कॉलेजं भागाभागांत वाटली आहेत. आधी प्रत्येक झोनच्या स्पर्धा होतात आणि मग झोनचे विजेते आपसात भिडतात. प्रत्येक झोनची एक अब्रू ठरलेली. शहराचा झोन सगळ्यांत तगडा, कारण तिथे हिरवं मैदान आणि पगारी कोच. साखर कारखान्यांच्या झोनमधल्या मुली अंडी खाऊन येतात म्हणून त्यांचा दरारा. क्लासेसवाल्या झोनमधल्या मुली ग्रेस मार्कांपुरत्या धावतात, असं सगळे म्हणत. आणि आमचा हिंगोली झोन हलका. हा शब्द इतक्या वेळा कानावर पडे की आमच्याच मुली आपल्या गावाचं नाव सांगावं तसा तो सांगायच्या.

सरांचं म्हणणं वेगळं होतं. शहराच्या झोनमध्ये एकच संघ दांडगा, बाकीचे त्याच्याकडून नऊ-नऊ गोल खातात. आमच्याकडे शेवटच्या नंबरचं कॉलेजसुद्धा एका गोलानं हरतं, तेही रडवून. मग हलका कोण? हा हिशेब ते चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, परीक्षेच्या सुपरव्हिजनला, कुठेही मांडत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. तो बोलू लागला की माणसं घड्याळाकडे बघतात.

आमच्या झोनमध्ये एक रीत होती आणि ती सरांनीच पाडलेली. फुटबॉलचे चांगले बूट कोणत्याच कॉलेजकडे पुरेसे नव्हते. म्हणून झोनची फायनल संपली की हरलेल्या सगळ्या कॉलेजांनी आपापले बूट जिंकलेल्या संघाकडे द्यायचे आणि पुढच्या वर्षी झोनच्या पहिल्या दिवशी परत घ्यायचे. वसमतचे, कळमनुरीचे, सेनगावचे बूट एकाच पोत्यात. माप जुळत नसेल तर पुढे कापूस कोंबायचा, आणि कापसाला आमच्याकडे काय तोटा! बाहेरचे लोक आमच्या मुलींच्या पायांतले रंगीबेरंगी बूट पाहून हसत. “हसू द्या. आपल्या झोनचे बूट हायेत,” असं सर सांगत.

एकदा शहराच्या कोचनं चहा पिता पिता सरांना म्हटलं, “हिंगोली समोर आली की आमचा आरामाचा दिवस.” मला राग आला. सरांनी बशी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “तुमी आराम करा सर. तकलीफ आमी घेतो.”

त्या वर्षी आम्ही खरंच तकलीफ घेतली. सिद्धेश्वर धरणाच्या बाजूच्या तांड्यावरची एक मुलगी आमच्या गोलात उभी होती. शहराच्या मुलींनी तासभर चेंडू मारला आणि तिनं एकही आत जाऊ दिला नाही. अगदी शेवटी तिच्या नाकावर चेंडू बसला आणि रक्त थांबेना. प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस केव्हाच संपला होता. तेव्हा आमच्या एका मुलीनं खाली बसून आपल्या बुटाच्या टोकातला कापूस ओढून काढला आणि तिच्या नाकात कोंबला. स्वच्छतेचं नाव काढू नका. रक्त मात्र थांबलं.

सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर गेला. शेवटची किक त्या कापूसवालीचीच. तिच्या पायात सेनगावचा बूट, एक माप मोठा आणि आता पुढून रिकामा. तिनं जीव खाऊन लाथ मारली. बूट जाळीत गेला आणि चेंडू खांबाला लागून बाहेर आला.

सगळं मैदान हसलं. मलाही हसू फुटलं होतं, खोटं कशाला सांगू? सर चालत गोलपाशी गेले, जाळीतला बूट काढला, शर्टाच्या बाहीनं पुसला आणि रडणाऱ्या पोरीच्या पायात स्वतः घातला. परतताना जीपमध्ये त्यांनी आम्हाला बजावलं, “कोनी विचारलं तर हारलो म्हना. कसे हारलो हे विचारलं तरच पुढचं सांगा.”

कुणीही विचारलं नाही. सर मात्र पुढचे आठ-पंधरा दिवस कॉलेजच्या फाटकाशी जरा जास्तच वेळ उभे असत. मी येता-जाता बघत होते आणि मला ते बघवत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात विद्यापीठाचं परिपत्रक आलं. संघ थोडे आणि दर्जा कमी, म्हणून हिंगोलीचा वेगळा झोन बंद करून तो शहराच्या झोनमध्ये घातला होता. सर एसटीनं विद्यापीठात गेले, बरोबरीच्या त्या सामन्याबद्दल सांगून आले. तिथल्या साहेबांनी निकाल पाहिला, त्यात ‘पराभूत’ लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सर माझ्या शेजारी येऊन बसले आणि वर्तमानपत्राला हातही लावला नाही. म्हणाले, “म्याडम, हारलो त्याचं काई न्हाई. आपल्याला मोजलंच न्हाई.” त्यांचे डोळे भरले होते. मी चहा मागवला.

बूट त्यांच्या घरीच होते, कारण शेवटचा झोन आम्ही जिंकला होता. आता रीतीप्रमाणे ते झोनच्या पहिल्या दिवशी परत द्यायचे, पण झोनच उरला नव्हता. मी म्हटलं, कॉलेजांना नेऊन द्या. ते मान हलवत आणि बुटांना तेल लावत बसत.

पावसाळा सरता सरता एका सकाळी मैदानावर निघताना सर घराच्या ओट्यावर स्वतःच्या बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तसेच कलंडले. दवाखान्यापर्यंतही नेता आलं नाही. तेराव्याला वहिनींनी ते पोतं माझ्यापुढे ठेवलं. “हे कोनाचे काय मला ठाव न्हाई. तुमीच पाहा आता.” उंदीर लागू नयेत म्हणून त्यांनी वरून जुनं लुगडं बांधलं होतं.

शहराच्या झोनची स्पर्धा महिन्याभरानं झाली. मी पोतं घेऊन गेले आणि आमच्याकडच्या चारही कॉलेजांना त्यांचे बूट वाटून टाकले. एकदाची मोकळी झाले, असं मनात म्हटलं. पहिल्या दिवशी आमचंच कॉलेज हरलं. मी सामान आवरत होते, तर आमची गोलकीपर मैदानाच्या कडेला बसून बूट काढताना दिसली. अनवाणीच ती कळमनुरीच्या मुलींकडे निघाली.

मी विचारलं, “अगं, कुठे निघालीस?”

“झोनचे हायेत ना म्याडम,” ती म्हणाली आणि थांबलीसुद्धा नाही.

दुपारी कळमनुरी हरली आणि बूट वसमतकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वसमत हरली. उरलं सेनगाव, आमचं नेहमीचं शेवटचं कॉलेज. शहराच्या त्या दांडग्या संघासमोर त्या मुली उतरल्या तेव्हा त्यांच्या पायांत सगळ्या हिंगोलीचे बूट होते. हरलेल्या तिन्ही कॉलेजांच्या मुली कडेला अनवाणी उभ्या राहून ओरडत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. मला रडू आवरेना. शेजारच्या कोचनं विचारलं, “मॅडम, तुमचा संघ का हा?” मी हो म्हटलं.

सेनगाव हरलं, एका गोलानं.

दोन दिवसांनी स्टाफरूममध्ये वर्तमानपत्र आलं. मी क्रीडापान उघडलं आणि खालून वाचायला लागले. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, सेनगावचं नाव होतं आणि पुढे एक-शून्य. मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि पान शेजारच्या खुर्चीकडे सरकवलं. तिथे कुणीतरी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचून ठेवले होते.