गाऱ्हाण्यात सुटलेलं नाव

चि. सुमन हिला अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला बसला का? जावईबापूंची कंबर कशी आहे? विहीणबाईंचा गुडघा थंडीत धरतो, तो सुटला का? बाळूचा गोवर एव्हाना उतरला असेल. मी ठणठणीत. कालच तारकर्लीहून कोल्हापूरला परतलो.

मे महिन्यात मुलांना घेऊन आत्याकडे जायचं म्हणतेस, म्हणून वाट सांगतो. सकाळची एस.टी. धर. फोंडाघाटात बाळूला पुढे बसव, मागे बसलं की खाल्लेलं वर येतं. कणकवलीला गाडी बदल. तिथे चार आण्यांत उसळ आणि चहा मिळतो. उसळ खाल्ली की चहा लागतोच. मालवणातून पुढे बैलगाडी मिळाली तर नशीब, नाहीतर वाळूतून पायपीट. माझं नशीब तुला ठाऊकच आहे.

मी गेलो बाबलासाठी. तुझा हा आतेभाऊ पहिल्यांदाच बोटीवर नोकरीला निघाला. अशा वेळी घरच्या वडीलधाऱ्याने नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं, जाणाऱ्याचं नाव घेऊन त्याला सांभाळ, सुखरूप परत आण म्हणायचं, आणि जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणून साथ द्यायची. हे काम त्याच्या वडिलांचं, भावोजींचं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, म्हणून मामाला बोलावणं. तुझ्या आत्याने, आक्काने, आदल्या दिवशी माझ्याकडून चारदा घोकून घेतलं. मी म्हटलं, एक नाव ते काय, त्यात विसरायचंय काय?

सकाळी अंगणात उभा राहिलो आणि नजर गेली भिंतीला टेकवलेल्या वल्ह्याकडे. त्याच वल्ह्याने भावोजींनी मला होडी शिकवली होती. मी खाडीत पडलो, तर वर ओढून घेत म्हणाले होते, "मासे बघून इलंस?"

तोंड आपलं चालूच होतं. "बा देवा महाराजा, आमच्या भावोजींका सुखरूप परत हाड."

"व्हय महाराजा," सगळे सवयीने म्हणाले.

बाबलाचा चेहरा उतरला. ज्याच्यासाठी देवाला उठवलं, त्याचंच नाव नाही. आक्काने डोळ्यांना पदर लावला, मग म्हणाली, "इले तर बरा रे, पन बांगडे चारच आसत."

आधी बाबल हसला. आक्काने मला पायरीवर बसवलं. "आदी तेंका पोटभर आठव. मगे देवाकडे ये."

घटकाभर आम्ही दोघं भावोजींबद्दलच बोललो. मग उठलो, आणि बाबलाचं नाव असं खणखणीत आलं की माडावरचे कावळे उडाले. दुपारच्या गाडीने पोरगा गेला.

माझं डोकं म्हणजे तीन पाटांची पंगत. मायेचं माणूस दारात आलं की बसलेली बाकीची नावं ताट सोडून उठतात. त्याला आधी वाढावं, हे आक्काला कळतं.

पत्र वाचून पाहिलं, तर वर तुझ्या छोटीची चौकशीच राहिली. तिला तुझ्या आईचं नाव ठेवलंत ना. ते लिहायला घेतलं की तुझी आईच दारात येते आणि पुढची ओळ हरवते. तिला दात आले का, ते लवकर लिही.