काचवाल्याची रेघ

काचवाल्याचा एक नियम होता. हिरकणी, म्हणजे काच कापायचं हत्यार, काचेवर एकदाच फिरवायची. त्याच रेघेवरून पुन्हा फिरवली की काच भलतीकडे फुटते. "एक घाव, दोन तुकडे!" असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा, आणि खरंच त्याची रेघ बघत राहावी अशी असायची. टेबलाला मात्र तो बायकोलासुद्धा हात लावू द्यायचा नाही.

हात थरथरू नये म्हणून सकाळी दोन घोट घ्यायचे, ही सवय कधी दिवसभराची झाली ते त्यालाही कळलं नाही. एकदा खिडकीचं माप घेऊन निघाला आणि दुकानात पोचेपर्यंत ते डोक्यातून पार गेलं. तो हबकला. कुणाला न विचारता त्याने बाटली मोरीत ओतली. एक घाव, दोन तुकडे! दोन दिवसांत तो घामाने निथळू लागला, अंगावर नसलेल्या मुंग्या झटकू लागला, आणि मग झटका येऊन कोसळला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याची कानउघाडणी केली. "सोडलीत ते उत्तम, पण आधी इथे यायचं होतं. मेंदूला सवय लागलेली असते. एकदम तोडली की जिवावर बेततं." मग मेंदूचं चित्र दाखवत म्हणाल्या, "इथे, कपाळामागे, रक्त कमी पोचतंय. विसरता ते बहुधा त्यामुळेही."

"सुधारेल ना हो?" बायकोने विचारलं.

"प्यायले नाहीत तर बरंचसं. पण हळूहळू, काही महिने जातील."

हळूहळू! काचवाल्याच्या धंद्यात हा शब्दच नव्हता. काच हातची गेली तर आपण उरलो कोण, या भीतीने त्याला रडू फुटलं.

घरी आल्यावर तो मापं तळहातावर लिहून आणू लागला. "काय, कॉपी चाललीय का?" शेजारी विचारायचे. फसलेल्या काचांच्या तो फोटोफ्रेमा करायचा. फ्रेमा इतक्या झाल्या की तेवढे फोटो कुठून आणायचे, असं बायको म्हणायची.

मग एका दुपारी मोठी खिडकी आली. त्याने काच टेबलावर ठेवली, पट्टी लावली, आणि हात हलला. पूर्वी बाटली असायची त्या फळीकडे त्याची नजर गेली. तिथे आता खिळ्यांचा डबा होता. बायको दारात उभी होती.

"अगं, इकडे ये," तो म्हणाला. "पट्टीचं ते टोक धर."

तिने पदराला हात पुसले आणि टोक घट्ट धरलं. त्याने रेघ ओढली, खालून टिचकी मारली. काच दुभंगली.

"मध्ये जराशी वाकडी आली," तो पुटपुटला.

"चौकटीत झाकून जाईल," ती म्हणाली, आणि पट्टी तशीच धरून उभी राहिली.