कानबाईचा कोपरा

"कशालाही हात लावू नका. आहे तसं राहू द्या."

लोकांच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर आबा हे बोलायचे. घर त्यांचं आणि हुकूम यांचा! तुम्हीही पाहिलं असेल, फोटोवाला येणार म्हटलं की आपल्याकडे दोरीवरचे कपडे गायब होतात आणि पलंगावर नवी चादर येते. अशी चादर दिसली की आबा दारातच थांबत, ती काढेपर्यंत.

आबा पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेले. धुळ्यात एकटेच राहत. खानदेशातली जुनी घरं आतून टिपायची हा त्यांचा नाद. खिशात मावेल एवढा रोलचा कॅमेरा आणि ज्वारी भरलेली छोटी पिशवी. पिशवी फळीवर ठेवायची, तिच्यावर कॅमेरा बसवायचा आणि श्वास रोखून बटण दाबायचं. फ्लॅश कधीच नाही. "घरात अंधार आहे, तर फोटोतही असू द्या की," म्हणत.

माझा स्टुडिओ पासपोर्ट फोटोंवर चालतो. डार्करूम मी एकट्या आबांसाठी ठेवली होती, आणि हे त्यांना दर वेळी ऐकवतही होतो.

एकदा साक्रीकडच्या एका गावातून नानांचं बोलावणं आलं. नाना शेतकरी, पन्नाशीचे. शंभर वर्षांचं धाब्याचं घर दुसऱ्या दिवशी पाडायला घेणार होते. श्रावणात त्यांची कानबाई देवी पिढ्यान्‌पिढ्या एकाच कोपऱ्यात बसायची, आणि सुरतेला गेलेले तिघे भाऊ तिच्यासाठी घरी यायचे. नव्या घरात लावायला त्यांना त्या कोपऱ्याचा फोटो हवा होता. आम्ही गेलो, आबांनी मनासारखे फोटो काढले, जेवून परतलो.

चार दिवसांनी नाना स्टुडिओत आले. आबा रोल घेऊन बसलेच होते.

"आबा, मन्हा हातथीन चूक व्हयनी," नाना खाली बघत म्हणाले. त्या दिवशी आबा हात धुवायला गेले तेव्हा फोटो कसा आला ते बघायला त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं होतं. आत कुईकुई झालं तसं घाबरून लावून टाकलं. "घर ते आते पडी गये. भाऊसले काय सांगू?"

मी तापलो. रोलवर उजेड पडला की संपलं, एवढं कळत नाही? आबांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी मलाच गप्प केलं. "होतं असं. तू धू तर आधी."

धुतलेली फिल्म उजेडात धरली. सुरुवातीला काळीकुट्ट. मी पुढे सरकवत गेलो, आणि चूल दिसली! मग जिना, मग खांब, मग तो कोपरा. या कॅमेऱ्याची तऱ्हाच उलटी. रोल घातला की तो आधी सगळी फिल्म बाहेर ओढतो आणि फोटो निघेल तसतशी परत डबीत, अंधारात घेतो. नानांच्या हातून उजेडाने जळली ती बहुतेक कोरीच फिल्म. आबांना हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, कारण रोल भरायला ते कॅमेरा कधी माझ्या हातात देत नसत.

"हाऊच शे आमना कोपरा!" नाना मी छापलेल्या ओल्या फोटोकडे बघून रडायलाच लागले. माझा जीव भांड्यात पडला. आबा खुर्चीत बसले. मी त्यांना पाणी दिलं.

त्या श्रावणात नानांनी आम्हा दोघांना बोलावलं. कानबाईच्या प्रसादाचे रोट भावकीबाहेर कुणाला देत नाहीत, हे आपल्याकडे लहान पोरही सांगेल. मला त्यांनी पुरणपोळी वाढली. आबांना मात्र भावांच्या पंगतीत बसवून ताटात रोट घातला. सुरतेचा धाकटा भाऊ चमकून बघायला लागला, तशी नाना म्हणाले, "आबा घरनाच शेतस." मला तेव्हा थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

हिवाळ्यात आबा झोपेतच गेले. दहाव्याला पांझरेच्या काठी आम्ही मोजकीच माणसं होतो. वस्तरा काढून न्हाव्याने विचारलं, भावकीतलं कोण आहे? नानांनी टोपी काढली आणि त्याच्यापुढे जाऊन बसले.