ती का जेवत नव्हती

दादा गेल्यावर आम्हाला त्याचा फोटो सापडेना. म्हणजे फोटो खूप होते. त्याच्या मोबाइलमध्ये, वहिनीच्या मोबाइलमध्ये, जिमच्या ग्रुपवर. पण विहारातल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धमूर्तीशेजारी ठेवता येईल असा एकही नव्हता. सगळीकडे तो शरीरसौष्ठव स्पर्धेच्या मंचावर, अंगाला तेल आणि तपकिरी रंग फासून, एवढीशी चड्डी घालून उभा. अंगात शर्ट असलेला दादा गेल्या कित्येक वर्षांत कुणी टिपलाच नव्हता, कारण तो टिपू द्यायचा नाही. स्पर्धा झाली, सोडलेला भात पुन्हा सुरू झाला, पोटावरच्या रेघा बुजल्या, की कॅमेरा दिसताच तो उठून जायचा. "आत्ता नको. आत्ता मी शेपमध्ये नाही." त्याच्या मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंमध्ये केकजवळ त्याचा फक्त हात आहे.

शेवटी त्याच्या एका मित्राने मोबाइलमध्येच स्पर्धेच्या फोटोला पांढरा शर्ट चढवून दिला. मान मात्र तीच राहिली, शिरा तटतटलेली, कॉलरीत न मावणारी.

मी डोंबिवलीत राहते, शालेय पुस्तकांची मुद्रितं तपासते. त्या दिवसांत मोहने गावात दादाच्या घरी राहायला गेले होते. दादा वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपमध्ये होता. कामावरून सुटला की जिम, रविवारी सकाळीही जिम. अशाच एका रविवारी तो व्यायाम करून आला, खुर्चीत बसला, वहिनीकडे चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत गेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. शेजारचे म्हणाले, पावडरी. कुणी इंजेक्शनांचं नाव घेतलं, कुणी नजर लागली म्हणालं. मला अजून कळलेलं नाही. विचारायचं कुणाला, तेही कळलेलं नाही.

भेटायला येणारा प्रत्येक माणूस फोटोकडे बघून तेच म्हणायचा. "एवढी तब्येत! आणि असं कसं झालं?"

तब्येत या शब्दाकडे मी तोवर कधी थांबून पाहिलं नव्हतं. आपण तब्येत कशी आहे विचारतो तेव्हा दुखणंखुपणं विचारतो. आणि तब्येत कमावली म्हणतो तेव्हा दंड आणि छाती म्हणतो. दादाला कुणी फोनवर "तब्येत कशी आहे?" विचारलं, की तो "वाढतेय" म्हणायचा आणि हसायचा. आम्हीही हसायचो. एकाच शब्दात दोन गोष्टी होत्या आणि आम्ही घरातले सगळे त्यांना एक समजत आलो होतो.

त्याचे जिमचे मित्र आले. घरातल्या लहान प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर ती मोठाली माणसं अंग चोरून बसली. मग एकजण आईला म्हणाला, "आई, शेवटच्या टायमाला काय कंडिशन होती दादाची!"

आईने पदर तोंडाला लावला. "कुठली बाबा कंडिशन. हॉस्पिटलात नेईपर्यंत काही उरलंच नव्हतं."

"नाय आई, मी शोबद्दल बोलतोय. शेवटच्या शोला. एकदम ड्राय आलेला."

"ड्राय म्हणजे?"

"म्हणजे... सुकलेला. पाणी काढलेलं सगळं."

आईने तोंडावरचा पदर काढला. "सुकलेला होता तर मला कुणी सांगितलं का नाही?"

दुसऱ्याने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. "गप ना भाऊ." मग चहा आला. त्यातल्या दोघांनी साखर आहे का, असं विचारून कप खाली ठेवला.

माझी भाची दारातून हे ऐकत होती. दादाची एकुलती एक, नववीत. तिचा चहा तिच्या हातातच गार होत होता.

ती जेवत नाही, हे आधी बायकांनीच हेरलं. "पोरीचा बापावर जीव होता." "अन्न जात नसेल गं तिला." "आता बळजबरी करू नका, दुःख आहे, निघू दे." मलाही ते पटलं. माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता. कार्यक्रमाच्या दिवशी विहारात वाढायला तीच पुढे होती. भाताचं पातेलं घेऊन पंगतीतून फिरली, सगळ्यांना आग्रह केला. वाढणारा माणूस शेवटी जेवतो, आणि शेवटी कोण जेवतं ते कुणी पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालायला मागच्या खोलीत गेले, तर ती दादाच्या वजनकाट्यावर उभी होती. चप्पल काढून, केसांतली क्लिपही काढून. मला पाहून उतरली नाही.

"रविवारी सिलेक्शन आहे," ती म्हणाली. "जिल्ह्याचं. वजनात बसायला पाहिजे."

ती कबड्डी खेळते. तिच्या गटाला वजनाची मर्यादा आहे. काट्यावर वजन मर्यादेच्या आत आलं तर मुलगी वजनात बसली, नाही तर वर्षाची मेहनत त्या सकाळीच संपली.

"म्हणून जेवत नाहीस?"

"तसं नाय."

"मग पप्पांमुळे?"

"तसं पण नाय." तिने क्लिप परत लावली. "मला नाय माहिती आत्या. आधी वजनासाठी बंद केलेलं. मग पप्पा गेले. आता भूकच लागत नाय. मग मला वाटलं, बरंय ना, आपोआप उतरतंय..." एवढं बोलून ती थांबली. आपण काय बोललो ते तिच्या तोंडावर दिसलं. मग ती रडायला लागली, आणि मीही. पण आम्ही दोघी एकाच गोष्टीसाठी रडत होतो का, ते मला सांगता येणार नाही.

ही मुलगी आधी दोरीच्या मल्लखांबावर होती. लहान असताना कोळ्यासारखी सरसर चढायची. मग वयात आली, आणि तिथल्या सरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, "आता अंग भरायला लागलंय. दोरीवर जड पडते." त्याच महिन्यात शाळेच्या कबड्डीच्या सरांनी तिला पाहिलं आणि म्हणाले, "चांगली अंगापिंडाची आहे. बचावात कोपऱ्याला उभी राहील." तेच अंग, तीच मुलगी. एका मैदानावरून जड म्हणून निघाली आणि दुसऱ्यावर मजबूत म्हणून पोचली. मग तिथेही काटा निघाला. मजबूत तर हवी, पण आकड्याच्या आत मजबूत. दादाला मी तेव्हा विचारलं होतं, हे काय आहे? तो म्हणाला, "ज्याचा त्याचा खेळ असतो गं. प्रत्येक खेळाला वेगळी बॉडी लागते." मला उत्तर समजल्यासारखं वाटलं होतं. आता त्यातलं काहीच समजत नाही. बॉडी तर प्रत्येकाला एकच असते.

डोळे पुसून झाल्यावर ती बाहेरच्या खोलीत आली आणि फोटोसमोर उभी राहिली. "सगळे बोलतात पप्पांची तब्येत काय भारी. हा फोटो काढला ना आत्या, त्या दिवशी पप्पांना जिना चढता येत नव्हता. मी नि मम्मीने धरून आणलेलं घरी. पाणी सोडलेलं ना त्यांनी. ओठ फाटलेले. रंगामुळे नाय दिसत."

"मग तू तेच का करतेस?"

"मी कुठे तेच करते? मला बॉडी नाय दाखवायची. मला फक्त बसायचंय."

वहिनीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगा तिला काहीतरी. खेळू नको म्हटलं तर ही त्या फोटोसमोर बसून राहील. खेळ म्हटलं तर जेवणार नाही. मी कुठलं सांगू?"

मी फक्त तांदळाची पेज केली, वर थोडं तूप घातलं. भाचीने वाटी हातात घेतली, चमच्याने तूप बाजूला सारलं, चव घेतल्यासारखं केलं. "रविवारनंतर खाते ना. प्रॉमिस." दादाही "शोनंतर" म्हणायचा. पण तो ते पाळायचा, शो झाला की भरपूर खायचा, आणि मग कॅमेऱ्यासमोरून उठून जायचा. तेव्हा तिच्या प्रॉमिसवर विश्वास ठेवावा की त्याला घाबरावं, हे मला ठरवता येईना.

रविवारी तिच्याबरोबर मी गेले. वहिनी घराबाहेर पडण्याच्या मनःस्थितीत नव्हती. चाचणी ठाण्याला, घोडबंदर रोडच्या आतल्या एका शाळेच्या मैदानात होती. सकाळची वेळ असूनही बस वाहतुकीत अडकली, आणि भाची सारखी रुमाल तोंडाला लावत होती. नंतर लक्षात आलं, तेवढंही वजन नको म्हणून ती थुंकी न गिळता रुमालात टाकत होती. रुमाल ओला झाला होता.

मैदानात घाम काढून वजन उतरवायला जाडजूड रेनकोट घातलेल्या मुली कडक उन्हात धावत होत्या.

"ए, तुझं बसलं?"

"नाय ना यार. दोनशे ग्रॅम जास्त दाखवतंय."

"केस काप मग."

"तुझी जीभ काप, ती जास्त जड आहे."

सगळ्या हसल्या, धावता धावता. मी एका बाकावर बसून राहिले. एवढ्या मुली एकत्र हसताना मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होते आणि ते चांगलं वाटावं की नाही, कळत नव्हतं.

भाची काट्यावर चढली. बसली. नुसती बसली नाही, आकड्याच्या बरीच खाली गेली. तिच्या सरांनी कपाळाला हात लावला. "अगं हे काय? एवढं उतरवायला कुणी सांगितलेलं? कोपऱ्याला उभं राहायचंय तुला. चढाईवाली घेऊन जाईल उचलून!"

"तुम्हीच बोललेलात सर, थोडं बघ म्हणून."

"थोडं बोललेलो मी!" मग त्यांची नजर माझ्याकडे गेली, माझ्या पांढऱ्या साडीकडे गेली, आणि आवाज खाली आला. "सॉरी मॅडम. घरचं कळलं. अशा दिवसांत पोरं उतरतातच."

मी मान हलवली. त्यांना सगळं सांगायला हवं होतं. पण सगळं म्हणजे नेमकं काय, हे माझंच ठरलं नव्हतं. ते म्हणत होते ते खोटंही नव्हतं.

वजन झालेल्या मुली पायऱ्यांवर बसून केळी खात होत्या. कुणीतरी भाचीला एक दिलं. तिने ते सोललं, हातात धरून बघत राहिली आणि मला विचारलं, "आत्या, आता खाल्लं तर चालेल ना?"

काटा झाला म्हणून विचारत होती, की पप्पांना जाऊन किती दिवस झाले म्हणून? आमच्यात सुतकाचे असले नियम कुणी पाळत नाही. तरी तिने विचारलं होतं, आणि उत्तर मीच द्यायचं होतं.

"चालेल," मी म्हणाले. "खा."

तिने घास घेतला. चावायला फार वेळ लावला. दुसरा घास जरा लवकर गेला. तेवढ्यात तिच्या संघाचा पुकारा झाला. उरलेलं केळं माझ्या हातात देऊन ती पळाली.

मला हा खेळ नीट कळत नाही. समोरून एक उंच मुलगी चढाईला आली, भाचीकडे वळली, मग धूळ उडाली, एकावर एक मुली पडल्या आणि शिट्टी वाजली. मी शेजारच्या बाईंना घाबरत विचारलं, "आमची आउट झाली का हो?"

"नाही हो! तिनेच तर धरली."

ढिगातून ती उठली. गुडघा खरचटला होता, एक वेणी सुटली होती. श्वास पुरेना तेव्हा कमरेवर हात ठेवून वाकली. मी उभी राहिले होते. ती पडेल असं मला वाटत होतं. ती पडली नाही. मध्यंतर होताच धावत माझ्याकडे आली. "आत्या, माझं केळं दे."

मी हाताकडे पाहिलं. हातात नुसती साल होती.

"खाल्लंस तू?"

"कधी खाल्लं ते कळलंच नाही गं."

ती हसली नाही, चिडलीही नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तू पण नव्हतीस ना जेवत," ती म्हणाली. मग मैदानातून तिला परत बोलावलं. जाता जाता म्हणाली, "जा ना, आण लवकर. भूक लागलीय."

फाटकाबाहेर केळ्यांची हातगाडी होती. "किती देऊ, ताई?" गाडीवाल्याने विचारलं, आणि तिच्यासाठी किती नि माझ्यासाठी किती, ते मला पटकन सांगता येईना.