इंजनाचा बेंदूर

विज्ञानयुग पाहायला परदेशी जायची गरज नाही, दौंडला गाडी बदलली तरी पुरते. मी रॉकेलच्या चिमणीखाली पाढे पाठ केले. आज घरात विजेचा दिवा आहे, रेडिओ आहे, आणि गेल्या वर्षी रशियाने आकाशात दुसरा चंद्र सोडला. या सगळ्यात माझा वाटा थक्क होण्याचा, आणि तो मी नियमित उचलतो. म्हणूनच बारामतीजवळच्या कन्हेरीचा मेहुणा नामदेव पुण्याला येऊन म्हणाला, "दाजी, मळ्यात तेलावरचं इंजन बसिवलंय. बैलं दिवसभर काढत्यात तेवढं पानी न्याहारीपतुर काढतंय. रविवारी या, तुमाला सुट्टी बी असती," तेव्हा मी लगेच पिशवी भरली.

त्याचा खरा मतलब निघताना कळला. इंदापूरचे आबासाहेब त्याच रविवारी येणार होते. त्यांची मुलगी नामदेवच्या मनात भरली होती, पण आबासाहेबांची अट होती: पाण्याची हमी नसलेल्या घरात मुलगी द्यायची नाही, इंजिन चालताना पाहू, मग बोलू. शहाण्या दाजींनी बाजू मांडावी, म्हणून मला आमंत्रण.

दौंड ते बारामती छोटी गाडी आहे. जाणाऱ्यांनी डबा बरोबर घ्यावा, आणि शक्य तर दोन. वाटेत ती एका स्टेशनावर इतकी रमली की समोरचे पागोटेवाले म्हणाले, "रशियानं आभाळात कुत्री धाडली म्हनं."

"पृथ्वीभोवती फिरली," मी माहिती पुरवली.

"मंग आपल्या आदी बारामतीला पोचली आसंल."

बारामतीला स्टेशनबाहेर टांगा मिळतो, भाडं आधी ठरवावं. टांगेवाल्याच्या घोड्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक बैलाची शिंगं रंगवलेली होती. तेव्हा डोक्यात उजेड पडला: आज बेंदूर, बैलांचा सण. नामदेवने माझी सुट्टी इंग्रजी कॅलेंडरात पाहिली होती; पंचांग कुणी उघडलंच नव्हतं.

मळ्यात पोचलो तर विहिरीवर इंजिन उभं होतं. अंगावर बैलाची झूल, कपाळाच्या जागी कुंकू, तेलाच्या टाकीला गोंडे. पुढ्यात पुरणपोळीचं ताट. शेजारी माझे सासरे तात्या हात जोडून, आणि नामदेव डोक्याला हात लावून.

"दाजी, तुमीच सांगा ह्यांस्नी. आज इंजन चालू करू द्येत न्हाईत."

"बेंदराला बैलाच्या मानंवर जू ठिवायचं न्हाय," तात्या शांतपणे म्हणाले. "बसिवल्यापून बैलाचं काम कुनी केलं? इंजनानं. मंग आज सुट्टी कुनाची?"

"तात्या, त्ये लोखंड हाय."

"मागल्या म्हैन्यात तूच म्हनालास, लई तापलंय, दम खाऊ द्या. छप्पर बी तूच घातलंस त्येला. लोखंडाला दम लागतो व्हय रं?"

मी मध्ये पडलो. ज्वलन, दट्ट्या, वाफ आणि तेल यांतला फरक, शेवटी अणू. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय जावईबापू. उद्या चालू करू."

तेवढ्यात आबासाहेब आले. उन्हातून आलेला माणूस, पण पाण्याच्या तांब्याआधी इंजिनाकडे गेले. झूल उचलून पाहिली, हकिगत ऐकली. नामदेवचा चेहरा असा, की त्या क्षणी तोही झुलीखाली मावला असता.

आबासाहेब बाजेवर बसले आणि मिशीत हसत म्हणाले, "इंजनाला सुट्टी हाय, बैलाला हाय. चांगलं घर हाय. आन सुनंला कवा?"

तात्यांनी पागोटं सारखं केलं. ते पहिल्यापासून सारखंच होतं.

उत्तर स्वयंपाकघराच्या दारामागून आलं. पहाटेपासून पाट्यावर पुरण वाटणाऱ्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "सांगा की. मला बी ऐकायचंय. मी ह्या घरात आल्यापून आमचा बेंदूर कुटल्या म्हैन्यात असतो त्यो."

पाहुण्यांसमोर त्यांचा आवाज मी प्रथमच ऐकला. आबासाहेबांनी काठी हातात घेतली. म्हणजे सोयरीक दाराबाहेर निघाली. नामदेव माझ्याकडे पाहू लागला आणि मी विज्ञानाकडे. तिथे या विषयावर काहीच नव्हतं.

"आबासायेब, मुक्काम करा," तात्या अखेर बोलले. "उद्या इंजन चालंल. आन चुलीला बी... म्हंजी, हिला सुट्टी."

"मंग जेवायचं कोन करनार?" आबासाहेबांनी विचारलं.

"आमी."

या 'आमी'त मी होतो, हे सकाळी कळलं. रजेची तार करायची सोयही नव्हती. तात्यांची पहिली भाकरी इंदापूर तालुक्याच्या नकाशासारखी झाली, तळ्यासकट. पिठलं माझ्याकडे होतं. त्याच्या गुठळ्यांना आबासाहेबांनी वांगी समजून तोंडी लावलं. सासूबाई ओसरीवर पाय पसरून, "जाळ बारीक करा," एवढंच सांगत होत्या. विहिरीवर इंजिन भकभक करत चाललं होतं, पाटाला धो धो पाणी होतं. आबासाहेबांनी तिकडे एकदा मान वळवली आणि पुन्हा येऊन चुलीपुढे बसले. तात्यांचा हात पोळला तेव्हा म्हणाले, "मंगळवारी इंदापूरला या. आन शिकत ऱ्हावा."

बारामती-इंदापूर एस.टी. आहे. मागच्या बाकावर बसू नये. रस्त्याचा प्रत्येक खड्डा तिथे हजेरी घेतो. इंदापुरात आबासाहेबांच्या ओसरीवर मुलीने चहा आणला. चांगली तरतरीत मुलगी. वातावरण मोकळं करावं म्हणून मी विचारलं, "इंजिन पाहायला आवडेल का?"

"इंजन आमच्या हितं बी तिघांनी बसिवलंय," ती खाली मान घालून म्हणाली. "भाकरी थापनारा सासरा बघायचाय."

तात्यांनी फडक्यात गुंडाळलेला अंगठा पुढे केला. सुपारी तिथेच फुटली.

पुण्याला परत आलो. बायकोने विचारलं, "कसं होतं इंजिन?" मी रंगात येऊन सगळं सांगितलं: झूल, पिठलं, अंगठा. माहेरची गोष्ट म्हणून ती मन लावून ऐकत होती, मधूनमधून डोळेही पुसत होती. सगळं संपल्यावर तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यासमोर ठेवलं आणि पेन्सिल दिली.

चिमणीपासून कृत्रिम चंद्रापर्यंत माझं युग फार झपाट्याने आलं. आमच्या माजघरातून स्वयंपाकघरात यायला मात्र मला चाळिशी उलटावी लागली. हे प्रवासवर्णन लिहिताना मी मधे दोनदा उठलो. पहिल्यांदा भात लागला होता. दुसऱ्यांदा, ताटात यातला भात कुठला, असं ती बाहेरून विचारत होती.